समुद्रात रेंज नसते, हे पोरांना आपणच सांगायचं



बंदी सुरू आहे. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला, जाळी ओट्यावर आणि वर्षभर तुंबलेली घरची कामं डोक्यावर. त्यातूनच सवड काढून मी आणि आमची ही दोन दिवस सिल्वासाला जाऊन आलो. माझी धाकटी बहीण तिकडे टोकरखाड्यात राहते. मेव्हणे दोऱ्याच्या कंपनीत आहेत. आपल्याकडची कितीतरी घरं अशी वापी-सेलवासच्या कारखान्यांवर गेलीत. होडी सुटली, पण जेवणातलं सुकं काही सुटलं नाही.

त्यांचा मुलगा कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो, यंदा शेवटच्या वर्षाला. जेवणं झाल्यावर फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. "मामा, तुमच्यासाठी अ‍ॅप बनवलंय. माझा प्रोजेक्ट आहे."

बघितलं तर खरंच छान दिसत होतं. निळा रंग, उडी मारणारा मासा. मच्छीमाराने आपली मासळी टाकायची, गिऱ्हाइकाने घरबसल्या बघून मागवायची, मधल्या माणसाची गरज नाही. पोरगा दोन महिने रात्री जागून हे करत होता, असं बहीण कौतुकाने सांगत होती.

मी म्हटलं, मला काय दाखवतोस, मासळी तुझी मामी विकते. तिच्या हातात दे.

आणि मग खरी गंमत सुरू झाली.

पहिल्याच पानावर ईमेल मागितला. मामी म्हणाली, "माझा नाय. कुणाचा टाकू, पोराचा?" पुढे मासळीची यादी आली, सगळी इंग्रजीत. त्यातलं एक पापलेट तिने चित्रावरून ओळखलं. मग वजन विचारलं, किलोमध्ये. "अरे, बोंबील मी वाट्यावर विकते. सकाळचा वाटा येगळा, दुपारचा येगळा. समोर कोण उभं हाय त्यावर पण असतं. पापलेट नगावर जातं. किलो कुठे लिहू?" पुढच्या पानावर मासळी कुठे पकडली ते नकाशावर दाखवायचं होतं. तिथे मात्र मीच फोन बाजूला सारला. आपली जागा कोणी तांडेल सख्ख्या भावाला धड सांगत नाही, ती काय अ‍ॅपात टाकणार?

शेवटी मी विचारलं, "बाबा, रेंज नसेल तर?"

"मग सेव्ह होणार नाही, मामा."

"मग बोटीवर याचा उपयोग काय? किनारा मागे पडला की तासाभरात रेंज जाते."

पोराचं तोंड उतरलं. हळूच म्हणाला, "हे मला कोणी सांगितलंच नाही."

मंडळी, ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. खरंच, कोणी सांगायचं होतं? वर्गात समुद्र नसतो. शिकवणाऱ्या सरांनी जेटी पाहिलेली असेलच असं नाही. आणि आपण? आपण पोरांना "शिक, यातून बाहेर पड" एवढंच सांगितलं. बाहेर पडून त्याने आपल्यासाठीच काही करायचं ठरवलं, तर त्याच्यासोबत तासभर कोण बसलं?

म्हणून हा लेख. थोडा लांब आहे. बंदीत वेळ आहे, वाचा.

फोनमुळे खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचा जगात गाजलेला पुरावा आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा आहे.

१९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळात टप्प्याटप्प्याने मोबाईल आला. टॉवर किनाऱ्यालगत होते, त्यामुळे रेंज समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत मिळायची. तारली मारणारे नाखवे बोटीवरूनच आजूबाजूच्या बंदरांत फोन करू लागले, आज भाव काय, गिऱ्हाईक आहे का. रॉबर्ट जेन्सन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने त्या वर्षांतली आकडेवारी तपासली आणि २००७ मध्ये अभ्यास छापला. फोन येण्याआधी दिवसाला ५ ते ८ टक्के मासळी गिऱ्हाईक न मिळाल्याने वाया जात होती, कारण एका बंदरात माल पडून आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या बंदरात व्यापारी रिकाम्या हाताने उभे. फोन आल्यावर ही नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमाराचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा.

लक्षात घ्या, तेव्हा अ‍ॅप नव्हतं, इंटरनेट नव्हतं. फक्त फोन आणि बोलणं. ते आपल्या भाषेत होतं आणि प्रश्न नाखव्याचा स्वतःचा होता, म्हणून चाललं.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. पुढे इतर अभ्यासकांनी केरळातच जाऊन यावर प्रश्न उभे केले. ज्याने दलालाकडून उचल घेतलीय, त्याला दुसऱ्या बंदरात भाव जास्त आहे हे कळून उपयोग काय? माल तर ठरलेल्या माणसालाच द्यायचा. ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. डिझेल, बर्फ, जाळं उधारीवर घेतलं की भाव आपल्या हातात राहत नाही. अ‍ॅप भाव दाखवेल, उचल फेडणार नाही. ते काम संस्थेचं. दोन्ही सोबत झाली तरच आकडा खिशात येतो.

उपग्रह सांगतो तिथे मासळी असते का?

हा प्रश्न तरुण खलाशी नेहमी विचारतात. हैदराबादला 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था आहे, १९९९ मध्ये सुरू झालेली. उपग्रह समुद्राच्या वरच्या थराचं तापमान बघतो आणि पाण्यातला हिरवेपणा बघतो. हिरवेपणा म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती. त्या जिथे, तिथे त्यांना खाणारे बारीक जीव, आणि त्यांच्यामागे मासे. त्यावरून मासळी मिळण्याची शक्यता असलेल्या पट्ट्याची माहिती निघते. कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती लांब, किती खोलीवर.

ही माहिती फोनवर आणि मराठीत आणायचं काम रायगड जिल्ह्यात झालं. टाटा कन्सल्टन्सीचे संशोधक, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबईचे शास्त्रज्ञ आणि इन्कॉइस यांनी मिळून 'एमकृषी फिशरीज' ही सेवा मच्छीमारांसोबत चालवून पाहिली.

आता यातली बारीक गोष्ट. हा पट्टा वरच्या थरात फिरणाऱ्या बांगडा-तारलीसारख्या मासळीला उपयोगी. आपल्यातल्या डोलवाल्यांना त्याचं काय? डोल एका जागी रोवलेली. मासळीकडे आपण जात नाही, पाण्याच्या ओढीने मासळी आपल्याकडे येते. डोलवाल्याला हवं ते उधाण आणि भांग, भरती-ओहोटीची वेळ आणि वाऱ्याचा अंदाज. मी भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, उधाण तिथीवर कसं असतं?" मग भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि अमावस्या-पौर्णिमा-अष्टमी त्याला समजावून दिली. पोराने वहीत लिहून घेतलं. कॉलेजच्या पोराने आपलं ऐकून वहीत लिहून घेणं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

विद्यापीठातल्या माणसांनी काय काय करून दाखवलंय

भाच्याला वाटलं मामा त्याचा प्रोजेक्ट मोडीत काढतोय. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून शोधलं, की जगात कॉलेज-विद्यापीठातल्या लोकांनी साध्या माणसांसाठी काय बनवलंय आणि ते चाललं कशामुळे. चार गोष्टी तुम्हालाही सांगतो.

पहिली मुंबईची. आयआयटी मुंबईत डिझाइन शिकवणारा विभाग आहे, आयडीसी. तिथले प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या गटाने २०१३ च्या सुमारास 'स्वरचक्र' नावाचा कीबोर्ड काढला, मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी, फुकट. त्यातली अक्षरं शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. 'क' दाबून धरला की त्याच्याभोवती चक्र उघडतं आणि त्यात का, कि, की, कु, कू असं सगळं दिसतं. बोट सरकवायचं आणि सोडायचं. म्हणजे ज्याने चौथीपर्यंत बाराखडी गिरवलीय, त्याला टायपिंगचा क्लास लावायला नको. इंग्रजी कीबोर्डवर मराठी बसवण्यापेक्षा मराठी माणूस अक्षरं कशी शिकला, तिथून त्यांनी सुरुवात केली.

दुसरी अमेरिकेची. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये प्राध्यापक गाएतानो बोरिएलो आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'ओडीके' बनवलं. फोनवर फॉर्म भरायचं साधन. रेंज नसली तरी फॉर्म फोनात साठतो आणि रेंज मिळाली की आपोआप पुढे जातो. खेड्यापाड्यात, जंगलात, आपत्तीच्या जागी काम करणारे लोक जगभर ते वापरतात. भाच्याने हे वाचलं आणि कपाळावर हात मारला. "मामा, तुम्ही काल विचारलं त्याचं उत्तर हेच."

तिसरी, अ‍ॅप बनवणं आता कुणाची मक्तेदारी नाही. 'अ‍ॅप इन्व्हेंटर' नावाचं फुकट साधन गूगलने २०१० मध्ये काढलं आणि २०१२ पासून एमआयटी हे विद्यापीठ ते चालवतं. कोड लिहायचा नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवत जायचं आणि अ‍ॅप तयार. शाळेतली पोरंसुद्धा करतात. तेव्हा "आमची मुलं काय अ‍ॅप बनवणार" असं म्हणू नका.

चौथी आपल्या सगळ्यात जवळची, जरी ती दक्षिण आफ्रिकेची असली तरी. केप टाऊन विद्यापीठातले संशोधक सर्ज रेमेकर्स तिथल्या लहान मच्छीमारांसोबत काम करत होते. त्या मच्छीमारांना बरीच वर्षं कायद्यात नीट जागाच नव्हती. त्यांच्यासाठीचं धोरण २०१२ मध्ये आलं. पण धोरण आलं तरी प्रश्न उरतो, तुम्ही मच्छीमार आहात, इतकी मासळी मारता, याचा पुरावा काय? मग संशोधक आणि मच्छीमार यांनी एकत्र बसून 'अबालोबी' हे अ‍ॅप बनवलं. तिथल्या खोसा भाषेत त्याचा अर्थच मुळी मासे मारणारे. मच्छीमार त्यात आपली रोजची नोंद करतो: मासळी किती, खर्च किती, विकली कितीला. पुढे त्यालाच बाजार जोडला. हॉटेलवाले थेट मच्छीमाराकडून माल घेतात आणि खाणाऱ्याला कळतं की ताटातला मासा कोणी पकडला. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नोंद मच्छीमाराची, ती कुणाला दाखवायची हे तोच ठरवणार.

मंडळी, नुकसानभरपाई असो, विमा असो, बँकेचं कर्ज असो, आपल्याला पहिला प्रश्न तोच येतो: पुरावा काय? आणि आपण खिशातली भिजलेली डायरी काढतो.

डायरीचं अ‍ॅप

त्या डायरीवरूनच पुढचं सगळं झालं. भाच्याने विचारलं, "मामा, मग तुम्ही लिहिता कुठे?" मी पिशवीतून डायरी काढून दिली. तारखेच्या खाली डिझेल किती लिटर, बर्फ किती लाद्या, खलाशी कोण कोण, मासळी काय आली, कुणाला दिली, पैसे आले की बाकी. मधेच तेलाचे डाग. काही पानांवर नुसत्या खुणा, त्या फक्त मला कळतात.

पोरगा ती डायरी तासभर चाळत होता. मग म्हणाला, "मामा, तुमच्याकडे अ‍ॅप आधीपासूनच आहे. मला फक्त ते फोनात आणायचंय."

आता त्याने काय बदललं ते ऐका. ईमेल गेला. अ‍ॅप आपल्या फोनात उघडतं, नोंद फोनातच राहते, किनाऱ्याला आल्यावर हवी तर पाठवायची. मासळीची नावं आपली: बोंबील, मांदेली, करंदी, सुरमई, घोळ, दाढा, आणि नाव नसेल तर फोटो. मोजायला किलो, नग, वाटा, टोपली, चारही आहेत. जागेचा रकाना काढून टाकला. बटणं मोठी केली, कारण मामीचा हात ओला असतो. आणि लिहायचा कंटाळा असेल तर बोलून नोंद करायची सोय करतोय, अजून जमलेली नाही.

उडी मारणारा मासा तेवढा ठेवलाय. म्हणाला, तो राहू दे.

हे अ‍ॅप उद्या बाजारात येईल असं मी म्हणत नाही. तो कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. मार्क मिळतील, कदाचित तिथेच थांबेल. पण दोन दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. त्याच्याकडे हुनर आहे, आपल्याकडे प्रश्न आहेत. दोन्ही एका ओट्यावर बसले नाहीत तर तो दिसायला छान आणि वापरायला निकामी असं काही बनवत राहणार, आणि आपण "अ‍ॅपबिप काय कामाचं नाय" म्हणत राहणार.

केरळात कोल्लमच्या बाजूला अमृता विद्यापीठाचा परिसर मच्छीमार वस्तीला लागून आहे. तिथल्या लोकांनी 'ओशननेट' नावाने समुद्रात लांबवर, ४५ किलोमीटरच्याही पुढे, बोटीवर इंटरनेट पोचवून दाखवलं. शेजारी मच्छीमार राहतात म्हणून तो प्रश्न त्यांना दिसला. आपल्याकडची कॉलेजं काही फार लांब नाहीत. सिल्वासाजवळ सायलीला एसएसआर कॉलेज आहे, ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेलं. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. आपलीच मुलं, पुतणे, भाच्या अशा ठिकाणी शिकतायत.

आपण काय करायचं

एक, घरात कोणी कॉम्प्युटर किंवा मत्स्यशास्त्र शिकत असेल तर बंदीच्या दिवसांत त्याला बंदरावर आणा. दोन तास बसवा. डायरी दाखवा. लिलाव कसा होतो, वाटा कसा लागतो, उचल कशी फिटते ते सांगा. मासळी विकणाऱ्या बायकांना आधी बोलू द्या, कारण पैशाचा खरा हिशेब त्यांच्याकडे असतो.

दोन, कुठलंही नवं अ‍ॅप घेताना चार प्रश्न विचारा. मराठीत आहे का? रेंजशिवाय चालतं का? माझी जागा आणि माझा हिशेब कुणाकडे जातो? पैसे अडकले तर फोन उचलणारा माणूस आहे का? चारपैकी दोनची उत्तरं "नाही" आली, तर घाई करू नका.

तीन, अ‍ॅप म्हणजे जीव वाचवायचं साधन नव्हे, हे विसरू नका. फोन भिजतो, बॅटरी उतरते. लाईफ जॅकेट, वायरलेस आणि हवामान खात्याचा इशारा, यांना पर्याय नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. इस्रोचं तंत्र आहे, मोबाईलची रेंज नसतानाही उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी निरोप जातो. आपल्या बोटीवर बसलं असेल तर ते चालू ठेवा आणि बोटीवरच्या प्रत्येकाला वापरायला शिकवा. एकट्या तांडेलाला येऊन चालत नाही.

निघताना भाचा रिक्षापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "मामा, नारळी पौर्णिमेला येतो. एकदा बोटीवर न्या. रेंज नेमकी कुठे जाते ते मला स्वतः बघायचंय."

मी म्हटलं, ये. पण उलटीची गोळी घेऊन ये.

तुमच्या घरात असा कोणी पोरगा किंवा पोरगी शिकत असेल तर हा लेख त्यांना पाठवा. आणि तुम्हाला स्वतःला फोनात काय असावंसं वाटतं, कुठली एक गोष्ट रोज अडते, ते संस्थेच्या ऑफिसात येऊन सांगा. बोलून सांगितलंत तरी चालेल, आम्ही लिहून घेऊ. ती यादी पोरांच्या हातात देऊ.

सगळ्यांना येत्या हंगामासाठी शुभेच्छा. जाळी नीट शिवा, तब्येत सांभाळा.